डिलीट केलेला मेसेज

आधीच सांगते, माझं डोकं लवकर फिरतं. त्यात मे महिन्याची सुट्टी, निलंग्याचं ऊन, आन माझी खरी मैत्रीण ऋतुजा मामाकडं औशाला गेलेली.

गल्लीतली पोरं लढाई-लढाई खेळायलती. मी म्हणलं, मला बी घ्या. गुरुलिंग म्हणला, "तू नको पळूस अंबिका. तुझे पप्पा खरंच बॉर्डरवर हाईत. तू सावलीत उभी राहा, आम्ही येता-जाता तुला सॅल्यूट करतो." चांगली दहा मिनिटं उभी राहिले. एकानं बी सॅल्यूट केला न्हाई. खड्ड्यात जावा म्हणलं आन घरी आले.

घरात तर बोलायलाच कुणी न्हाई. अज्जा सकाळी लिंगपूजा झाली की लढाईच्या बातम्या बघत टीव्हीपुढं. आन मम्मीचा सगळा जीव फोनमध्ये. पप्पांचा फोन चार दिवसांपासून लागत नव्हता. भाकरी थापताना बी फोन परातीजवळ. मी काही विचारलं की "हूं" म्हणायची. मी त्या घरात हाय का न्हाई, हे तिला कळत बी नसंल.

गुरुवारी दुपारी नळाला पाणी आलं. "फोन सांभाळ, पप्पांचा आला की पळत ये," असं सांगून ती घागर घेऊन गेली. मी फोन मांडीवर घेऊन बसले. तेवढ्यात वाजला. बघते तर अनोळखी नंबर.

अज्जांना कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं की अनोळखी नंबर उचलला तर दुश्मनाला आपला पत्ता लागतो. ते त्यांनी घरात सगळ्यांना तीन-तीनदा वाचून दाखवलं होतं. मी कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा वाजला तसं अज्जांना ओरडून सांगितलं. ते म्हणले, "कर कट! शाबास!" मी केला. लई भारी वाटलं मला, खरं सांगते. पप्पा तिकडं लढायलेत आन मी इकडं.

मग त्याच नंबरवरून मेसेज आला.

"सुकन्या, मी शिवकुमार. नंबर दुसऱ्याचा हाय. मी बरा हाय. पुढं जायलोय, आठ दिवस फोन न्हाई. काळजी करू नको."

आगं माय! पप्पाच होते ते. लगेच त्या नंबरला फोन लावला, तर बंद. पुन्हा लावला, बंद. मम्मीची घागर दारात वाजली आन मी, काय सुचलं कुणास ठाऊक, मेसेज डिलीट केला. आलेले फोन बी पुसून टाकले.

"आलता का गं?" तिनं विचारलं.

"न्हाई," मी म्हणलं.

दोन दिवस ते माझ्या पोटात होतं. पप्पा बरे हाईत, हे घरात मला एकटीला ठाऊक. मम्मी देवापुढं बसून रडायची आन मी कोपऱ्यातून बघायची. ऋतुजा असती तर तिला तरी सांगितलं असतं.

शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर आलं, लढाई थांबली. गल्लीत फटाके वाजले. लोक पेढे घेऊन आमच्या घरी आले. मम्मीनं पेढा हातात घेतला आन आत जाऊन चुलीपाशी बसली. मी मागं गेले.

"थांबली तर फोन का न्हाई?" ती स्वतःशीच म्हणली. "ते असते तर पहिला फोन मलाच केला असता."

असते तर. माझ्यानं ऐकवलं न्हाई.

"परवा आलता," मी म्हणलं. "मी कट केला." आन सगळं सांगून टाकलं.

तिनं अशी थोबाडीत दिली की कान वाजला. मग माझे दोन्ही दंड धरले. "काय लिहिलतं? एक बी शब्द सोडू नको."

मी म्हणून दाखवलं. पाठच होतं.

"पुन्हा म्हण."

पुन्हा म्हणलं. सातदा म्हणायला लावलं तिनं. डोळे मिटून ऐकायलती, ओठ हलवायलती. मग म्हणली, "आन पुढं?"

"एवढंच."

"एवढंच कसं? नीट आठव ना गं."

इतक्या दिवसांत तिचं तोंड एवढुसं झालं होतं. दुपारची भाकरी तशीच ताटात होती. मी म्हणलं, "शेवटी लिहिलतं, जेवत जा म्हणून."

"बघ!" ती एकदम हुंदका देऊन म्हणली. "दर फोनला हेच म्हणतेत ते." तिनं ताट ओढलं आन ती गार भाकरी रडत-रडत खाल्ली. सगळी खाल्ली.

मी समोर बसून होते. 'अंबीला सांभाळ' एवढं अजून जोडायचं लई मनात आलं. मम्मीनं लगेच खरं मानलं असतं. पण पप्पांनी ते लिहिलं नव्हतं, आन ते मला ठाऊक होतं.