सोड्यात धुतलेला कोळसा

सन १९६५. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आदला दिवस, सकाळचे सात. मेहकरच्या खाली, पैनगंगेच्या काठावर, सूतरंगाई सोसायटीच्या आवारात काही माणसं विटांच्या एका हौदाशी उभी होती आणि हौदात सोड्याचं कढत पाणी ओतलं जात होतं. त्या हौदात मी होतो. मी बाभळीचा कोळसा. जे झालं ते माझ्या अंगावर झालं, म्हणून सांगणारही मीच.

माणसांनी माझ्यावर एकच म्हण केली आहे. कोळसा उगाळावा तितका काळाच. उगाळणाऱ्यांनी मी पोटात काय घेतो ते कधी विचारलं नाही.

माझं मूळ सुलतानपूरच्या शिवारातली एक बाभूळ. निवृत्ती नावाच्या भट्टीवाल्याने ती तोडली, ओंडके रचले, वरून पाला घालून ओली माती लिंपली आणि आत विस्तव सोडला. मोकळी हवा मिळाली असती तर माझी राख झाली असती. हवा कोंडली, म्हणून कोळसा झालो. लाकडातला रस, चीक, ओल सगळं निघून गेलं आणि मागे राहिली डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं. किती, ते मलाही ठाऊक नाही. माझा सगळा गुण त्या छिद्रांत. रंगाचं पाणी माझ्यातून गेलं की रंग मला चिकटतो आणि पाणी तेवढं पुढे जातं.

मी सोसायटीत आलो तो एका भांडणामुळे. इथे लुगड्यांचं सूत रंगवतात. रंगवून उरलेलं पाणी सरळ नदीत सोडत. नदीत थोडं खाली उत्तमराव आणि अंबूबाई या नवराबायकोची गाळपेर होती. पाणी उतरलं की नदीच्या गाळात ते वांगी, मेथी, डांगर लावत. उन्हाळ्यात वाळूत खड्डा खणून झिरा करत. त्यात झिरपलेलं पाणी तेच पीत आणि खालच्या वस्तीतल्या बायाही तेच नेत. एके दिवशी झिऱ्याचं पाणी गुलाबी आलं. उत्तमराव ते लोट्यात घेऊन सोसायटीच्या दारात उभा राहिला. अध्यक्ष हिंमतरावांना म्हणाला, "भाऊ, हे तुम्ही प्या. मंग म्या पेतो."

हिंमतराव प्याले नाहीत. पण सेक्रेटरी शेषराव अमरावतीच्या कॉलेजात रसायन शिकलेला होता. त्याने हौद बांधून घेतला. खाली गोटे, त्यावर वाळू आणि वर मी. पहिल्या दिवशी तोटीतून पाणी आलं ते नितळ. उत्तमरावाने आपल्या पांढऱ्या धोतराचा सोगा त्यात बुडवला, उन्हात वाळवला, उलटून पालटून पाहिला. डाग नव्हता. "जमलं," एवढंच बोलून तो गेला. माझ्या आयुष्यातली ती एकमेव शाबासकी.

पण पोट म्हटलं की ते भरतं. माणूस ढेकर देऊन सांगतो, मला ती सोय नाही. लाल प्यालो तरी काळा, हिरवा प्यालो तरी काळा. माझी छिद्रं गच्च झाली आणि तोटीचं पाणी पुन्हा रंग दाखवू लागलं.

शेषराव म्हणाला, "अध्यक्षसाहेब, कोळसा बदलावा लागेल."

हिंमतरावांनी माझा एक तुकडा उचलला, बोटांत फिरवला. "काऊन? चांगला काळाकुट्ट तं हाय! नासला असता तं दिसला नसता का?"

आवारातले सगळे हसले. शेषरावही हसला. विषय तिथेच संपला. त्या श्रावणात उत्तमराव तापाने गेला आणि लोटा घेऊन दारात उभं राहणारंही कुणी उरलं नाही.

मग चैत्रात निरोप आला की जिल्ह्याहून साहेब तपासणीला येणार. कारखान्याचं पाणी स्वच्छ निघालं तरच सोसायटीला पुढचं सूत मिळणार होतं. आवाराला चुना लागला, तोरण बांधलं. तोटीतून मात्र जांभळट पाणी गळत होतं.

तोड काढली भाऊराव रंगाऱ्याने. भाऊराव या धंद्यात मुरलेला. रंग वाकडा बसला की सूत कोणी फेकून देत नाही, कढत सोड्यात घालून त्याचा रंग उतरवतात आणि नव्याने रंगवतात. त्याने तेच सुचवलं.

"बिघडल्या सुताले आपन काय करतो? सोड्यात उकळतो. मंग कोळशानं काय पाप केलं? त्यालेबी आंघोळ घाला!"

"वा रे पठ्ठ्या!" हिंमतराव खूश झाले. "उद्या आखाजी, आज कोळशाचं अभ्यंग!"

शेषराव तेवढा चुळबुळला. "पण उतरलेला रंग जाईल कुठे?"

"नदी हाय ना," हिंमतराव म्हणाले.

शेषरावाने चष्मा काढला. मी त्याच्याकडे बघत होतो. भाऊरावाला सूत कळत होतं, हिंमतरावांना सोसायटी कळत होती. नदीत काय जाणार आहे हे कळणारा माणूस त्या आवारात एकच होता आणि तो चष्मा पुसत बसला. न कळणाऱ्याचा राग धरू नये. कळून चष्मा पुसणाऱ्याचा धरावा.

सोडा अंगावर आला आणि माझी पकड सुटली. वर्षभर मी जे धरून ठेवलं होतं, चुलीवरच्या प्रत्येक हंड्यातला लाल, हिरवा, निळा, ते सगळं एका सकाळी माझ्यातून निघालं. पाटातून नदीत गेलं ते पाणी नव्हतंच, दाट काढा होता, आणि त्यात जाळणारा सोडा. पूर्वीसारखं उघडपणे रोज थोडं थोडं सोडलं असतं तर निदान दिसलं तरी असतं. यांनी माझ्याकडून वर्षभराचं साठवून घेतलं आणि नदीत एवढीशी धार उरली असताना एकदम ओतलं.

दुपारी साहेब आले. आता माझी छिद्रं मोकळी होती, मी पुन्हा प्यायला लागलो होतो. नवं रंगीत पाणी वरून आलं आणि तोटीतून काचेसारखं खाली पडलं. साहेबांनी ते बाटलीत भरलं, उजेडात धरलं, मान डोलावली. हिंमतरावांनी पन्ह्याचा पेला पुढे केला.

तेवढ्यात फाटकातून अंबूबाई आली. डोक्यावर नवी घागर.

आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावाने घागर पुजतात. घरात माणूस गेल्यावरची पहिली आखाजी असली तर ती घागर चुकवून चालत नाही. गेलेला माणूस तहानलेला राहतो म्हणतात. कोरी घागर आदल्या दिवशी पाणी भरून मुरवावी लागते. अंबूबाईने ती झिऱ्यावर भरली होती.

तिने घागर साहेबांच्या पायाशी ठेवली आणि आडवी केली. जांभळट लाल पाणी चुन्याने सारवलेल्या अंगणात पसरलं.

"हे काय, वयनी? सायबासमोर?" हिंमतराव पुढे झाले.

"सायबासमोरच. हात घाला यात. घाला ना भाऊ! माझ्या हाताची साल निघून राह्यली." तिने घागरीचं तोंड त्यांच्याकडे फिरवलं. "अन् हे पाहा. मातीनं रंग पेला. घासला, वाळूनं घासला, निंगत नाही. उद्या त्यायच्या नावानं मी हे पुजू? जित्तेपनी ज्या पान्यासाठी भांडला तो मानूस, मेल्यावर त्याले हेच पाजू?"

माती माझ्यासारखीच रंग धरणारी. धरायचं काय आणि सोडायचं काय, हे आम्हाला ठरवता येत नाही. ते शेजारी उभ्या असलेल्या माणसांना येतं.

हिंमतराव हळू आवाजात म्हणाले, "दुसरी घागर देतो, वयनी. विहिरीवरून भरून देतो."

"घागर देसान. झिरा कोठून देसान? साऱ्या वस्तीनं उद्या काय प्यावं?"

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी ओणवून त्या पाण्यात बोट बुडवलं आणि झटकलं. शेषरावाकडे पाहिलं. शेषराव जमिनीकडे पाहत होता. मग साहेब म्हणाले, "बाई, मी कारखान्याची तोटी तपासायला आलो आहे. तोटीचं पाणी स्वच्छ आहे. नदी माझ्या खात्यात येत नाही."

"मंग कोनाच्या खात्यात येते?"

"चौकशी करून कळवतो."

ते गेले. सोसायटीला सूत मिळालं. अंबूबाईने आखाजीला दुसऱ्याची घागर घेतली नाही. ती रंगलेली घागरच तिने उपडी घालून पुजली, असं बायका तोटीशी बोलताना मी ऐकलं. गाळपेर त्या उन्हाळ्यात मुळासकट करपली. वस्तीतल्या बाया आता पाण्यासाठी नदी ओलांडून पलीकडच्या मळ्यात जातात आणि मळेवाल्याची बोलणी खातात.

मी अजून याच हौदात आहे. तपासणी आली की मला सोड्याने न्हाऊ घालतात. साहेब बदलले, पद्धत बदलली नाही. आता माझे तुकडे झिजून चुरा होत आले आहेत. माझं मागणं मोठं नाही. भरलो की मला काढा, नदीपासून लांब कोरड्या जागी खोल पुरा, आणि जे मी धरलं आहे ते माझ्याजवळच राहू द्या. रंग धरण्यासाठीच तुम्ही मला आणलं होतं.

अंबूबाई मात्र दर आखाजीच्या आदल्या दिवशी फाटकाशी येते आणि साहेबाचं उत्तर आलं का, एवढंच विचारते. दोन वर्षं झाली. पैनगंगा कोणाच्या खात्यात येते, हे तिला अद्याप कुणी कळवलेलं नाही.