आई आणायला गेली की

भिंगरीचं काम प्रोसेसर तपासायचं. ती लहान असताना आईनं ठेवलेलं हे नाव, फक्त आईच तिला त्यानं हाक मारायची.

प्रोसेसर चपळ, मेमरी मात्र लांब. एक आकडा मागवला की तो येईपर्यंत प्रोसेसरच्या घड्याळाचे शेकडो ठोके फुकट जातात. म्हणून एकाच कोअरवर, म्हणजे प्रोसेसरच्या काम करणाऱ्या गाभ्यावर, दोन धागे, म्हणजे दोन वेगळी कामं, चालवतात. पहिला वाट बघत थांबला की तेवढ्यात दुसरा आपलं काम उरकतो.

घरी आईही थांबायला लागली होती. काही विचारलं की खिडकीकडे बघत बसायची, आठवण आणायला लांब कुठं निघून गेल्यासारखी. एका दुपारी त्या थांबण्यात, आईच्याच तोंडून भलतंच कुणी बोललं.

"केस स्वतःच कापलेस वाटतं? एक बाजू विसरलीस की गं!"

भिंगरीच्या अंगावर सर्रकन काटा आला. असं बोलायची ती आईची जुळी बहीण, आईच पूर्वी सांगायची. भिंगरीच्या जन्माआधीच गेलेली.

भीती ओसरली आणि मावशीचा लळा लागला. मग भिंगरी मुद्दाम लांबचंच विचारायची. "आई, तुम्हा दोघींच्या पहिल्या शाळेचं दार कुठल्या रंगाचं होतं गं?" आई निघायची. मावशी यायची, गुणगुणायची:

बहीण गेली दूर, दार ठेवून उघडं
मी बसले उंबऱ्यात, घर राखते तेवढं

एके दिवशी कामावर एक यंत्र अचानक मंदावलं. भिंगरीनं शोधलं. नेहमीचे आकडे हाताशी ठेवायचं, कोअरजवळचं इवलंसं फडताळ दोन्ही धाग्यांचं सामाईक. दुसऱ्यानं तिथं आपलाच पसारा मांडला होता. पहिल्याच्या रोजच्या वस्तू बाहेर पडल्या होत्या, आणि प्रत्येकीसाठी त्याला लांब जावं लागत होतं. तिनं दुसरा धागा बंद केला. यंत्र पळू लागलं.

तिला मात्र आई आठवली. सकाळीच आईनं चमचा हातात धरून विचारलं होतं, "याला काय म्हणतात गं?"

ती तशीच घरी धावली. "आई, मी कोण?"

आई खिडकीकडे बघू लागली. घड्याळ वाजत राहिलं. मग ओठांवर ते ओळखीचं हसू आलं.

"मावशी, नको बोलूस. तिला जागा दे."

"माझ्यावर का चिडतेस? तूच तर रोज बोलावलंस." आईच्या हातानं भिंगरीच्या गालावरचा घाम पुसला. "तुझं नाव मला ठाऊक असतं तर मीच दिलं असतं, पोरी. ती गेलीय ना आणायला. फार लांब गेलीय या वेळी. बस अशी जवळ, तोवर आपण बोलू."