जागा करून देताना

मी डिस्क बोलतेय, संगणकाची माहिती साठवणारी. रुग्णालयाच्या तळघरातल्या थंड खोलीत, एका उंच कपाटात आम्ही बहिणी ओळीने बसलेल्या. वर काढलेला प्रत्येक स्कॅन तुकड्यातुकड्यांनी आमच्यात वाटला जायचा. एखादी बंद पडली, तर बाकीच्या मिळून तिचा वाटा पुन्हा उभा करायच्या. दोघी एकदम गेल्या, की सगळंच हातचं जाणार.

जन्मापासून मला स्वस्थ बसणं माहीत नाही. फिरायचं, मागितलं की शोधून द्यायचं. माणसं स्कॅन काढतात आणि विसरून जातात. आम्हाला ती सोय नाही.

मग जागा संपली. नवे स्कॅन ठेवायला कोपरा उरेना. आमची देखभाल करणाऱ्या ताईंनी मोठ्या डिस्क मागवल्या. काम चालू ठेवूनच एकेक जुनी काढायची, मोठी बसवायची, ती भरली की पुढची. माझी पाळी शेवटची.

शेजारीण निघाली. तिच्या जागी आलेल्या नवीला तिचा वाटा भरून देताना मी अडखळू लागले. ताईंच्या पडद्यावर माझ्यापुढे धोक्याची पिवळी खूण उमटली. त्या खुर्ची ओढून बसल्या, त्या हलेचनात.

तेवढ्यात मेंदूचे डॉक्टर स्वतः खाली आले. शिवणकाम करणाऱ्या एक बाई बेशुद्ध होऊन आल्या होत्या. आत्ताच्या स्कॅनमध्ये मेंदूत गाठ दिसत होती. ती नवी असेल, तर लगेच डोकं उघडायचं. जुनीच असेल, तर कारण दुसरीकडे शोधायचं. त्यांची नणंद म्हणत होती, वहिनींचा स्कॅन पूर्वी इथेच झालाय.

ताईंनी सांगितलं की दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत आहे, ती यायला वेळ लागेल. मग माझ्याकडे बोट दाखवलं. "शेजारची नवी अजून भरली नाही. हिने आत्ता मान टाकली, तर हजारो लोकांचे स्कॅन अडकतील."

"वर एकच बाई आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि तिला वेळ नाहीये."

ताईंनी नवीचं भरणं थांबवलं आणि माझ्याकडे तेवढाच स्कॅन मागितला.

मी त्या जागेवर गेले. वाचता येईना. फिरून आले, पुन्हा तेच. अंग तापलं, आत करकर वाजू लागलं. ताईंचा श्वास मला ऐकू येत होता. कसाबसा तो तुकडा सुटला.

डॉक्टर पडद्यावर वाकले. "तीच गाठ. तेवढीच आहे." आणि ते जिना चढत पळाले.

संध्याकाळी ताईंना फोन आला. बेशुद्धीचं कारण गाठ नव्हतं, रक्तातलं मीठ फार उतरलं होतं. बाई शुद्धीवर येत होत्या. तोवर शेजारची नवी पूर्ण भरली होती. ताईंनी मला हलकेच बाहेर ओढलं.

आता मी टेबलावर पडलेय. फिरणं थांबलं, पण जीव स्वस्थ बसत नाही. माझ्या जागी बसलेली नवी अजून भरतेय. उद्या माझ्यात भोकं पाडतील, कुणाचं आजारपण परक्याच्या हाती लागू नये म्हणून. ते योग्यच आहे. फक्त त्याआधी तिच्याकडे त्या वहिनींचा स्कॅन एकदा मागून बघा. तो उघडला, की मग मला खुशाल मोडा.