काठोकाठ भरलेली बॅटरी

मी एक बॅटरी बोलतेय. भिंतीवरच्या घड्याळातली नव्हे, ती बिचारी टिकटिकण्यातच जन्म काढते. मी रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाडीतली, पुन्हा पुन्हा चार्ज होणारी लिथियमची बॅटरी. सध्या मुक्काम बाल्कनीत, वाळूच्या बादलीत. इथवर कशी आले ते सांगते. तक्रार नाही, आता रिकामा वेळ आहे म्हणून.

जन्म कारखान्यातला. रसायन भरलेल्या दोन चपट्या पिशव्या एकमेकींना चिकटवल्या, वर निळं वेष्टन चढवलं आणि मी तयार झाले. मग चार महिने दुकानाच्या कपाटात अर्ध्या चार्जवर पडून होते. तिथे माझं उत्तम चाललं होतं.

मला विकत घेतलं ते एका रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने. सोबत त्याची लेक होती, नुकतंच शिक्षण संपवलेली. लाल गाडी तिने निवडली, मला त्याने. दुकानदाराने तीन गोष्टी बजावल्या. "पार रिकामी होईपर्यंत पळवू नका. गरम असताना चार्जिंगला लावू नका. आणि नुसती ठेवून द्यायची असेल, तर अर्धीच भरलेली ठेवा. पूर्ण भरून ठेवलीत तर फुगेल."

"भरलेली बिघडते?" ड्रायव्हर हसला. "अहो, आमच्याकडे अर्धी टाकी सापडली तर साहेब फैलावर घेतात."

पहिल्या दोन गोष्टी त्याने मनापासून पाळल्या. गाडी मंदावली की लगेच थांबायचा. मला बाहेर काढून, ताप बघावा तसा हाताचा उलटा पंजा लावायचा आणि गार होईपर्यंत सावलीत ठेवायचा. तिसरी मात्र त्याच्या गळी उतरली नाही. त्याला तरी काय बोलायचं? बावीस वर्षं डिझेल काठोकाठ, ऑक्सिजन काठोकाठ, फोन वाजला की निघायचं. घरातही तीच तऱ्हा. बायको म्हणायची, "ह्यांना अर्धं काही चालतच नाही. चहासुद्धा बशीत सांडल्याशिवाय ओतायचा थांबत नाहीत."

पण तेव्हा काही बिघडलं नाही, कारण भरलं की मी लगेच कामाला लागत असे. दर रविवारी सकाळी गोदामामागच्या मोकळ्या जागेत बापलेक आळीपाळीने गाडी पळवत. एका फेरीला किती सेकंद लागले ते भिंतीवर खडूने लिहीत. लेकीचे एकोणीस, त्याचे वीस. तो एक सेकंद त्याला फार बोचायचा.

मग लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. बसने दोन तास. "या रविवारी येते," ती म्हणाली. त्याने शनिवारीच मला पूर्ण भरलं. रविवारी सकाळी फोन आला. "बाबा, काम निघालंय रे. पुढच्या रविवारी नक्की."

"हरकत नाही. गाडी तयार आहे," असं म्हणून त्याने मला तशीच फ्रिजवर ठेवली. तिथे ऊबही भरपूर.

असे सात रविवार गेले. बायको म्हणाली, "तुम्ही एकटेच पळवून या की." तो म्हणाला, "ती आली की." एकट्याने चार फेऱ्या मारल्या असत्या तरी मी वाचले असते. दर शनिवारी तो चार्जर लावून बघायचा, भरलेली दिसली की समाधानाने परत ठेवायचा. माझ्या आत हळूहळू वायू साठत होता. रागबिग काही नाही. भरल्या पोटी नुसतं बसणं माझ्या रसायनाला सोसत नाही, एवढंच.

आठव्या रविवारी लेक खरंच आली. मोकळ्या जागेत पोचल्यावर त्याने गाडीचं झाकण उघडलं आणि मला आत बसवायला गेला. मी बसेना. उशीसारखी फुगले होते. तो अंगठ्याने दाबायला लागला.

"बाबा, थांब! दाबू नकोस, पेट घेईल." तिने त्याचा हात धरला. "किती दिवस भरून ठेवली होतीस?"

"तू येते म्हणालीस तेव्हापासून."

ती तिथेच गोदामाच्या पायरीवर बसली. तोही बसला. भावनांशी माझं फारसं देणंघेणं नाही, पण तेव्हा मला वाईट वाटलं. माझ्यासाठी नाही, त्या दोघांसाठी.

"मी नुसतं येते येते म्हणत राहिले," ती म्हणाली. "आता बसमध्ये बसले की फोन करीन. तोवर तू काही भरायचं नाहीस. बॅटरीला किती वेळ लागतो?"

"तास."

"आणि मला यायला दोन. मग झालं तर."

तिनेच मला अलगद उचलून वाळूत ठेवलं. जाण्याआधी नवी बॅटरी आणून दिली, अर्धी भरलेली. ती पत्र्याच्या डब्यात असते. तो रोज डबा उघडतो, चार्जरकडे बघतो आणि डबा बंद करतो. बायको हसते.

आज मला दुकानातल्या जुन्या बॅटऱ्यांच्या पेटीत नेऊन टाकणार आहेत. तेही बरंच. कचऱ्यात गेले असते तर कुणाचा तरी हात भाजला असता. तुमच्याकडे माझ्यासारखी कुणी असेल तर तिला अर्धी ठेवा, गार ठेवा आणि वापरा. ठेवणीतली करू नका.

मघाशी फोन वाजला. "बाबा, बसमध्ये बसले."

"सावकाश ये," तो म्हणाला. चार्जरची वायर हातात घेतली, घड्याळाकडे पाहिलं, आणि एक तास तसाच बसून राहिला. मगच त्याने बॅटरी लावली.