सात पाणी

आमच्या तांबू कुत्र्याचा जबडा लोंबत होता आणि लाळेची तार तुटत नव्हती. दोन दिवस तो भुंकला नाही, गुरगुरला नाही, नुसता माझ्याकडे बघत दारात बसून राहिला. घशात हाड अडकलंय, असंच सगळ्यांना वाटलं. माझ्या तान्ह्या शाहजादीला दुपट्यावर निजवून मी त्याच्या तोंडात हात घातला, घशापर्यंत बोटं फिरवली. हाड काही लागलं नाही.

कुत्र्याची लाळ लागली की हात सात पाण्यांनी धुवायचा, त्यात एकदा मातीनं, हा सासूबाईंचा नियम. मी दुसऱ्याच तांब्याला होते, तेवढ्यात शाहजादी रडायला लागली. तिला दात येत होते, हिरड्या सोलवटल्या होत्या. झाले का सात, असं सासूबाईंनी आतून विचारलं. झाले, मी म्हणाले, आणि तिच्या तोंडात माझं बोट दिलं. चघळत चघळत झोपली बिचारी.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी तांबूला गोणपाटात गुंडाळलं आणि आमच्या रिहे गावाहून आम्ही सगळेच बैलगाडीनं पौडच्या गुरांच्या दवाखान्यात निघालो. वाटेत हे सांगत होते, परदेशात म्हणे आता लेसर नावाच्या उजेडानं चिरतात, रक्ताचा थेंब येत नाही, पेपरात आलंय.

"मग नसीर, तुजी जीभ आदी न्यावी तितं," सासूबाई म्हणाल्या. आम्ही हसलो.

हाड अडकल्याचं ऐकून डॉक्टरांनी ऑपरेशनची हत्यारं उकळायला टाकली. त्यांनी तांबूचा जबडा पाहिला, मग नाकावरचा व्रण. तो कोल्ह्याच्या चाव्याचा, महिना झाला, हे म्हणाले. डॉक्टर मागं सरले. त्यांनी स्टोव्ह बंद केला. चिरण्यासारखं काही नाही, कुत्रं पिसाळलंय; प्रत्येक पिसाळलेलं कुत्रं चावत धावत नाही, म्हणाले.

"तोंडात हात कुणी घातला?"

"हिनं. पर सात येळा धुतलाय, मी इचारलंय ना."

डॉक्टरांनी माझं बोट लांबूनच बघितलं. विळीनं कापल्याची बारीक चीर होती. पोटात चौदा इंजेक्शनं, आजच पुणं गाठा, असं सांगून ते चिठ्ठीवर माझं नाव लिहायला लागले.

मांडीवर शाहजादीनं तेच बोट धरून तोंडाकडे ओढलं.

"डॉक्टर, दोघींची नावं लिहा," मी म्हणाले. "सात नव्हते झाले."

सासूबाईंनी शाहजादीच्या मुठीतून माझं बोट सोडवलं आणि आपल्या पदरानं तिचे ओठ पुसायला लागल्या. पुसतच राहिल्या.