चाळिशी सुटली तेव्हा

ताइस्तोआजोबांचा ताप उतरला, पण कंबर काही धड होईना. “लाकडं रचली की कंबर बोलतेच,” असं म्हणत ते दुखण्यावरची गोळी घेत आणि वर कॉफी पीत. यंदा शरदात तळ्याकाठी रानउंदरांनी उच्छाद मांडला होता, आणि लाकडांची कोठी आजोबांनी कोरड्या झाडूने लोटली होती, उंदरांच्या लेंड्यांच्या धुरळ्यात शिंकत. त्यांची सून हेन्रीका हिने तेव्हाच टोकलं होतं. पण मूल झाल्यापासून तिला दूध नासलं तरी साथ दिसते, असं सासूबाई म्हणायच्या.

आज आजोबा चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचत होते.

“सत्तरीत चाळिशी सुटली बघा! बारीक अक्षरसुद्धा लख्ख!”

“सौनातल्या वाफेचा गुण,” सासूबाई दालचिनीचा पाव पुढे करत म्हणाल्या. “आता स्वतःचे मोजेही स्वतःच शोधा.”

हेन्रीकाला हसू आलं नाही. तिने खिडकीबाहेर बोट केलं. “आजोबा, पलीकडच्या काठावरची होडी कोणत्या रंगाची?”

“कुठली होडी?”

होडी लालभडक होती. एरवी ते तीत बसलेल्याची टोपीही ओळखत. रानउंदरांच्या लेंड्यांच्या धुरळ्यातून येणाऱ्या तापात नजर अशी फिरते, जवळचं लख्ख आणि लांबचं धूसर, हे तिने वाचलं होतं. हा ताप मूत्रपिंडं धरतो, हेही.

“कालपासून लघवीला कितीदा गेलात?”

“अगं, सुनेने विचारायचं का हे?”

“विचारलंय. सांगा.”

आजोबा आठवू लागले. आठवेना. तोवर तिने गाडीची किल्ली उचलली होती.

दवाखान्यात त्यांना ठेवूनच घेतलं. मूत्रपिंडं सुजली होती, आणि कंबरेसाठी घेतलेल्या त्या गोळ्यांनी त्यांना आणखी छळलं होतं.

“डायलिसिस?” हेन्रीकाने विचारलं.

“बहुधा नाही लागणार,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “वेळेवर आणलंत. लघवी सुटली की जिंकलो.”

वाट पाहणं हेन्रीकाला कधी जमलंच नव्हतं. रविवारी फोन वाजला, तेव्हा ती लेकीला पॉटीवर बसवून समोर उकिडवी बसली होती.

“भांडं भरलं!” आजोबा ओरडले. “दुसरं मागवलंय! नर्स म्हणते, घोडा लाजेल!”

हेन्रीकाचे डोळे डबडबले.

“काय झालं, आई?”

“आजोबांना शू झाली.”

लेकीने टाळ्या पिटल्या. तिच्या लेखी हे कौतुकाचंच काम होतं. ओट्यापाशी पीठ मळणाऱ्या सासूबाईंनीही पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या, आणि सगळं स्वयंपाकघर पांढरं करून टाकलं.