दाशी सुटली

या, अशा शेगडीजवळ सरकून बसा. उमेनोबाईंची गोष्ट सांगते. घडली ती आमच्याच दारात.

फेब्रुवारी होता. उत्तरेकडून वाहत आलेला बर्फ किनाऱ्याला लागला होता. बर्फ लागला की आमच्या शिरेतोकोत लाट वाजत नाही, समुद्र मुका होतो. याच दिवसांत आमच्या खानावळीत पाहुणे येतात. माझा मुलगा कोहेइ त्यांना रबरी पोशाख चढवून बर्फावर फिरवतो, गरुड दाखवतो. त्या सकाळीही घेऊन गेला होता.

देवळात सुरात प्रवचन सांगणारे महाराज आले होते. ते अमिदा बुद्धाचं नाव आळवू लागले की मला देहभान राहत नाही. तरी त्या दिवशी पाय निघेना. दारात जायची, समुद्राकडे बघायची, परत यायची. काय खुपतंय ते कळत नव्हतं. शेवटी फावडं घेऊन मागच्या अंगणातला बर्फ उपसायला लागले.

आत आले तर सून हात्सुए एकटीच हसत होती. टेकडीवरच्या उमेनोबाईंचा फोन आला होता म्हणे. "आई, आजींचं नाक म्हणायचं की दुर्बीण? तिकडून सांगतात, दाशी सुटली, लवकर सांग. मी म्हटलं, हो आजी, गॅस बारीक केलाय."

हात्सुए ओसाकाची. तिच्यासाठी दाशी म्हणजे पातेल्यात शिजणारं समुद्री पाल्याचं सार. आमच्याकडे दाशी म्हणजे डोंगरावरून समुद्राकडे सुटणारा वारा, लागलेला बर्फ बघता बघता आत ओढून नेणारा.

मी फावडं टाकलं. बाहेर आले तर लाट वाजत होती.

कोहेइला फोन लावला तर तो घरातच वाजला. मी तशीच किनाऱ्याकडे धावले. तोंडात नाम होतं, पण श्वास लागला की अर्धंच उमटायचं.

"गॅस बारीक केलाय" ऐकूनच उमेनोबाई समजल्या होत्या की निरोप पोचायचा नाही. छपराचा बर्फ काढायची शिडी ओढत त्या माझ्याआधी पोचल्या होत्या. किनारा आणि सुटलेला बर्फ यांच्यामधल्या फटीवर शिडी टाकून अलीकडच्या टोकावर बसल्या होत्या, आणि पाहुणे रांगत येत होते. एक बाई मध्येच थबकली, तशी म्हातारी म्हणाली, "माझ्या वजनावर जाऊ नकोस पोरी, मी जिद्दीने बसलेय."

मीही शिडीवर बसले. सगळे आले. कोहेइ शेवटचा. तो निम्म्यात असताना पलीकडचं टोक सुटलं आणि तो पाण्यात गेला. पोशाखामुळे वर आला, पण प्रवाह त्याला आत ओढत होता. उमेनोबाई पोटावर पडल्या आणि त्याच्या पोशाखाला जोडलेली टोपी धरली. हातमोजे नव्हते. मी त्यांचे पाय धरले, पाहुण्यांनी मला धरलं. कोहेइ बाहेर आला तरी त्यांची मूठ उघडेना. तोंडाची वाफ देऊन एकेक बोट सोडवावं लागलं.

हात्सुए त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडली. त्या म्हणाल्या, "रडतेस काय, सार उतू जाईल."

ती बोटं पुढे कधी नीट वळली नाहीत. जपमाळ ओढता येईना म्हणून नुसत्या ओठांनी नाम घ्यायच्या. गेल्या वर्षी गेल्या. मागे मूल नाही, भाऊबंद नाहीत. तुम्ही हात जोडाल तेव्हा तुमच्या माणसांच्या नावांत एक नाव त्यांचंही घ्या. उमेनो.